अकरा नंबरची मुलगी

बाई,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. कॉलेजातल्या तुमच्या खोलीत आता मी बसते. खिडकीखालचं तुमचं लोखंडी कपाट काढून तिथं मी मुलांसाठी सतरंजी टाकलीय, कारण खुर्चीवर बसवलं की मुलं पाय हलवत राहतात आणि प्रश्नाकडं त्यांचं लक्ष राहत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि स्वतः मात्र शेवटपर्यंत त्यांना खुर्चीवरच बसवलंत. काम तेच आहे. मूल एखादी गोष्ट कसं शिकतं, शिकलेलं किती दिवस धरून ठेवतं, मोठ्या माणसानं विचारताना एखादा शब्द बदलला तर त्याच्या आठवणीचं काय होतं. आता नियम कडक झालेत. पालकांच्या सह्या लागतात, समितीची मंजुरी लागते, मूल रडायला लागलं तर तिथंच थांबावं लागतं. गेल्या आठवड्यात एका मुलीची आई सही करायला आली. पेन हातात धरून तिनं विचारलं, यानं माझ्या लेकराला काही होणार तर नाही ना. मी नाही म्हणाले. तिनं लगेच सही केली, कागद वाचलासुद्धा नाही. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसले.

तुम्ही पहिल्यांदा पिशोरला आलात तेव्हा मी सहा वर्षांची, पहिलीत. एसटीतून उतरून तुम्ही सरळ शाळेत न जाता आमच्या वस्तीत आलात. खांद्याला पिशवी, हातात टेपरेकॉर्डर, सुती साडीवर वाटेतली धूळ. मास्तरांनी आधी निरोप दिला होता, त्यामुळं ज्यांची पोरं पहिली-दुसरीत होती त्या बाया निंदायला न जाता घरी थांबल्या होत्या. वडील ऊसतोडीला गेलेले. आई धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलीय, मी तिच्या पाठीमागं. तुम्ही आमच्या घरी चहा प्यालात. गावातली वरची माणसं तोवर आमच्याकडं पाण्यालासुद्धा थांबत नव्हती, आणि तुम्ही कप खाली ठेवून आणखी अर्धा कप मागितलात. त्या अर्ध्या कपाचं आई पुढं कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायची. त्या दिवशी तुम्ही तिला माझ्याबद्दल काय काय विचारलंत ते मी ऐकलं नाही, मला बाहेर खेळायला पाठवलं होतं. परत आले तेव्हा आई तुम्हाला म्हणत होती, "तुमी म्हनाल तसं, बाई. पोरीचं भलं व्हावं बस."

मग तुम्ही दर पंधरा दिवसांनी यायला लागलात. शाळेच्या मागच्या खोलीत एकेकाला बोलवायचात. चार गोष्टी विचारायचात. करडानं शिंग मारलं होतं ते आठवतं का. हौदात पडली होतीस ते आठवतं का. धाकटा झाला तेव्हा मावशीकडं राहिली होतीस ते आठवतं का. ह्या तीन मला थोड्याफार आठवायच्या. चौथी नाही आठवायची. तुम्ही म्हणायचात, "तू बाजारात हरवली होतीस. गर्दीत आईचा हात सुटला होता. आईनंच मला सांगितलंय. डोळे मीट आणि आठव." मी डोळे मिटायचे. काहीच दिसायचं नाही. मला नाय आठवत, असं मी म्हणायचे, आणि तुम्ही म्हणायचात, घाई नाही, पुढच्या वेळी आठवेल. जाताना लिंबाची गोळी मिळायची. ती सगळ्यांनाच मिळायची, आठवलं तरी आणि नाही तरी. पण ज्या दिवशी मी म्हणाले की गुळाच्या ढेपा दिसतात आणि त्यांच्यावर गांधीलमाश्या आहेत, त्या दिवशी तुम्ही लिहायचं थांबून माझ्या डोक्यावर हात ठेवलात. वरच्या घरातल्या कुणा बाईचा हात तोवर माझ्या डोक्यावर पडला नव्हता. त्या हातासाठी मी पुढचे पंधरा दिवस झोपताना डोळे मिटून बाजार शोधत राहिले.

आणि तो सापडत गेला. भांडेवाल्याचं दुकान सापडलं, त्याच्यापुढं उन्हात चमकणारी परात सापडली. एक म्हातारा सापडला, जो मला विचारतोय, कुणाची गं तू. आणि मग आई सापडली. धाकट्याला कडेवर घेऊन ती पुढं पुढं चाललीय, मी हाका मारतेय, आणि ती मागं वळून बघत नाही. हे सांगताना मी इतकी रडले की तुम्हाला टेप बंद करावा लागला. बाई, आईनं मागं वळून बघितलं नाही, हे तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. ते माझं मी घातलं. धाकटा झाल्यापासून माझ्या मनात जे साचलं होतं, त्याला तुम्ही जागा करून दिलीत.

त्याच दिवशी मी आईला विचारलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी म्हणाले, तू मला बाजारात सोडून गेली होतीस ना. ती हसली. "कोन म्हनलं? म्या कवाच सोडलं नाय तुला. पदराला चिकटून तर असतीस." मी म्हणाले, बाई म्हणाल्या, तूच सांगितलंस त्यांना. आईचा हात पिठात तसाच राहिला. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला वाटलं, पकडली गेली. पुढच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा ती तुम्हाला शाळेच्या कुंपणापाशी गाठून काहीतरी विचारत होती. तुम्ही तिच्या दंडाला हात लावून समजावत होतात, आणि ती मान हलवत होती. त्यानंतर मी कधीही बाजाराचं काढलं की ती नाय म्हणायची नाही, आणि व्हयही म्हणायची नाही. उठून जायची. पाणी आण म्हणायची, धाकट्याला घे म्हणायची. न बोलणारं माणूस खोटं असतं, एवढं मला सहाव्या वर्षी समजत होतं.

तुमचं काम संपलं, तरी तुम्ही वर्षातून एकदा येत राहिलात. फक्त माझ्यासाठी येता, याचा आमच्या वस्तीला केवढा अभिमान होता. दुसऱ्या वर्षी तुमच्या लक्षात आलं की मी फळ्याकडं बघताना डोळे बारीक करते. मास्तर दोन वर्षं मला त्यावरून मारत होते, वेडंवाकडं तोंड करते म्हणून. तुम्ही मला शहरात आणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलंत, आणि चष्मा लावून मी बाहेर आले तेव्हा समोरच्या लिंबाच्या झाडाला सुटी सुटी पानं होती. हे मी विसरलेले नाही. तुम्ही नुसत्या वाईट असतात तर हे लिहायची गरजच पडली नसती.

पाचवीला तुम्ही मला वसतिगृहात घातलंत. आई सोडायला आली होती. एसटीतून उतरून रस्ता ओलांडायचा होता आणि तिनं माझा हात धरायला हात पुढं केला. मी हात पाठीमागं घेतला. मी म्हणाले, नको, तू सोडतेस. मी दहा वर्षांची होते आणि कुठं मारलं की लागतं हे मला नेमकं कळत होतं. माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ती माझ्यामागून चालत राहिली. पुढं कधीही तिनं माझा हात धरायचा प्रयत्न केला नाही. रस्ता ओलांडतानाही नाही, माझ्या लग्नातही नाही, माझं मूल पोटातच गेलं तेव्हा दवाखान्यात माझ्या कॉटशेजारी बसली होती तेव्हाही नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची.

रविवारी मी उस्मानपुऱ्यात तुमच्याकडं जेवायला यायचे. तुमचं ते स्वयंपाकघर, त्यात भिंतीला लावलेलं टेबल, तुमचा मुलगा एका बाजूला पुस्तक उघडं ठेवून जेवतोय, आणि तुम्ही वरण वाढताय. तुमच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या त्या रविवारी तुम्ही मला काहीतरी विचारलंत आणि मी व्हय म्हणाले. पळी तशीच हातात धरून तुम्ही म्हणालात, "व्हय नाही. हो. परत म्हण." मी हो म्हणाले. तुम्ही म्हणालात, आणखी एकदा. पाच वेळा म्हणायला लावलंत. तुमचा मुलगा ताटात बघत होता. मैत्रिणी कौतुकानं हसल्या. मुलं किती भराभर शिकतात, असं त्यातली एक म्हणाली. शिकले मी. पुढच्या सुट्टीत पिशोरला गेले तेव्हा आई कशाला तरी व्हय म्हणाली आणि मी तिला तसंच परत म्हणायला लावलं.

आणि दरवर्षी एकदा, सुट्टीला गावी जायच्या आधी, भाजी चिरता चिरता तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारायचात, अजून आठवतो का गं तो बाजार. मी सगळं सांगायचे. दरवर्षी थोडं जास्त सांगायचे. मला वाटायचं, जगात एकच माणूस आहे ज्याला माझ्या या दुःखाची चौकशी करावीशी वाटते. तुमच्या हाताखाली एम.ए. केलं, मग पीएच.डी. केली, विषय घेतला तोही तोच, लहानपणी घाबरलेलं मूल पुढं काय आणि किती लक्षात ठेवतं. प्रबंध झाला त्या दिवशी आई गावाहून आली होती. तुमच्या घरी, तुमच्या टेबलाशी, तुम्ही तिला हसत हसत विचारलंत, आता तरी सांगा, पोरीला बाजारात विसरला होतात की नाही. आईनं माझ्याकडं बघितलं, मग तुमच्याकडं, मग खाली. म्हणाली, "असंल बाई. झालं असंल." मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं होतं.

मी तेहतीस वर्षांची असताना तुमच्या किडन्या गेल्या. मुलगा परदेशात. तुम्हाला डायलिसिसला नेणं, आणणं, मऊ भात करून भरवणं हे सगळं माझ्याकडं आलं आणि मी ते आनंदानं केलं. तुम्हीच म्हणालात, घरातल्या कपाटातले कागद लावून ठेव, कॉलेजात द्यायचेत. दुपारची वेळ, तुम्ही आतल्या खोलीत झोपलेल्या, मी फरशीवर बसून फायली बघतेय. पिशोर असं लिहिलेली फाइल उघडली. तुमचं अक्षर. मुलगी क्र. ११, वय सहा. खाली चार घटना, आणि चौथीपुढं लिहिलेलं: बाजारात हरवणे, घडलेली नाही, आईने दोनदा खात्री दिली. मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. पुढं वाचत गेले. प्रत्येक मुलाला एक खोटी गोष्ट दिली होती, प्रत्येकाला वेगळी, म्हणजे पोरं आपसांत बोलली तरी काही उघड होऊ नये. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला खरं सांगून टाकल्याची नोंद होती. माझ्यापुढं लिहिलं होतं, गोवर, गैरहजर, सांगितले नाही. वर्षानंतरची नोंद: अजून आठवते, तपशील वाढले, सांगू नये, पुढे पाहावे. मग दरवर्षीची एक ओळ. चष्म्याचीही ओळ होती. आई कुंपणापाशी तुम्हाला काय विचारत होती तेही होतं: पोरगी मला खोटं समजते, तिला सांगा, असं म्हणते, सांगितल्यास मुलीचे नुकसान होईल असे समजावले. आमची वस्ती का निवडली त्याचं कारण एका वाक्यात होतं. इथे पालकांची हरकत येत नाही. आणि शेवटी, प्रबंधाच्या दिवसाची तारीख घालून लिहिलेलं: आईही आता असेल म्हणते, नोंद घेण्यासारखे.

तुम्ही उठलात तेव्हा मी फाइल मांडीवर घेऊन तुमच्या पलंगाशी बसले होते. तुम्ही फाइलकडं बघितलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काहीही बदललं नाही. पाणी मागितलंत. पाणी पिऊन झाल्यावर म्हणालात, "मला वाटलं, तुला केव्हाच कळलं असेल. इतकी हुशार तू." मी विचारलं, का नाही सांगितलंत. तुम्ही थोडा वेळ विचार केलात. खरंच विचार केलात, कुणा विद्यार्थ्यानं चांगला प्रश्न विचारल्यावर करायचात तसा. मग म्हणालात, "इतकं छान धरलं होतं तुझ्यात. मोडवेना मला."

मी म्हणाले, माझी आई जन्मभर खोटी ठरली. तुम्ही म्हणालात, आणि तू इथवर आलीस. त्या बाजारामुळंच तू या विषयाकडं वळलीस, नाहीतर आज शेतात असतीस. जे झालं त्याचा हिशेब लावताना हेही धर. मग औषधाची वेळ झाली होती, मी गोळ्या दिल्या. भात लावला. दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशीही आले. लोक म्हणायचे, पोटच्या पोरीनं केलं नसतं इतकं करते.

आता जे लिहायचं आहे ते तुम्हाला माहीत नाही. शेवटच्या दिवसांत तुमचं डोकं धूसर व्हायला लागलं होतं. वार विसरायचात, सकाळी जेवलेलं विसरायचात. रोज विचारायचात, तो आला का. तुमच्या मुलाला मी फोन केले होते. सुट्टी मिळत नाही, पुढच्या महिन्यात बघतो, असं तो म्हणाला होता. मी तुम्हाला रोज सांगायचे, येईल. एका दुपारी तुम्ही परत विचारलंत, आणि मी म्हणाले, काल येऊन गेला की. तुम्ही म्हणालात, कधी? मी म्हणाले, संध्याकाळी. मी सांगितलं, तुम्ही त्याला ओळखलं नाहीत. कोण तुम्ही, असं विचारलंत त्याला. तो रडला आणि गेला. तुम्ही म्हणालात, नाही, असं होणार नाही. मी म्हणाले, घाई नाही, आठवेल. डोळे मिटा.

दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं, आठवलं का. तिसऱ्या दिवशी तुम्ही दिवसपाळीच्या मावशींना सांगत होतात, माझा मुलगा आला होता हो, आकाशी शर्ट घातला होता, दारातच उभा होता, आई मी आहे म्हणत होता, आणि मी त्याला कोण म्हणून विचारलं. तुम्ही हुंदके देऊन रडत होतात. मावशी तुमची पाठ चोळत होत्या. शर्टाचं मी काही सांगितलं नव्हतं. मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि मला वाईट वाटत नव्हतं. मला वाटत होतं की साठी ओलांडलेल्या माणसातही इतक्या लवकर धरतं, हे नोंदवून ठेवायला हवं. आठवड्यानं तुम्ही गेलात. तो आला नव्हता, बाई. तुम्ही त्याला ओळखायला कधीच चुकला नव्हतात. तुम्ही गेल्यावर तो आला, सगळं नीट केलं, आणि निघताना मला विचारलं, शेवटी आईनं माझी आठवण काढली का. मी म्हणाले, रोज काढायच्या.

तुम्हाला इतकं केलं, पण आईसाठी जे करायचं होतं ते केलं नाही. फाइल मिळाली त्यानंतर आई चार वर्षं जगली. पिशोर इथून दोन तासांवर. मी दर महिन्याला जायचे, आणि दर महिन्याला ठरवून जायचे की आज सांगायचं. काय सांगायचं होतं? की तू खरं बोलत होतीस. चार शब्द. पण ते सांगितले असते तर मग त्या पेटीचं काय, व्हय आणि होचं काय, सत्तावीस वर्षं पाठीमागं घेतलेल्या हाताचं काय, याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. दरवेळी मी फळं ठेवून, औषधं देऊन परत यायचे.

शेवटच्या आजारपणात तिला इथं माझ्या घरी आणलं होतं. सकाळची वेळ, मी तिची वेणी घालत होते. माझ्याकडं पाठ करूनच ती म्हणाली, "पोरी, त्या बाजारात म्या तुझा हात सोडला. लई गर्दी व्हती. धाकला कडंवर व्हता. इतकी वर्सं तोंड उघाडलं नाय म्या. माफ कर मला."

तिला दिसत होतं, बाई. ती भांडेवाल्याबद्दल बोलायला लागली. परात चमकत होती म्हणाली. माझ्याकडून इतक्या वेळा ऐकलेलं होतं ते, आता तिचं झालं होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं की तिनं लेकराला सोडलं. मी वेणीचा पेड हातात धरून उभी होते. सांगायला याहून सोपी वेळ येणार नव्हती. मी म्हणाले, जाऊ दे आई, झालं ते झालं. मी तिला माफ केलं. तिनं मान हलवली आणि हात मागं करून माझं मनगट धरलं, आणि मी ते धरू दिलं. तो हात मला इतका हवा होता की खरं सांगून तो गमवायची माझी तयारी नव्हती. अकरा दिवसांनी ती गेली.

तिच्या जलदान विधीला वस्तीतली सगळी माणसं जमली होती. धाकट्या भावानं माझ्या हातात माइक दिला, ताई, तू बोल. मी काय बोलणार होते? मी बाजाराची गोष्ट सांगितली. फक्त शेवट बदलला. आई मागं वळली, असं सांगितलं. धाकट्याला कडेवर घेऊन ती उन्हात सगळा बाजार पालथा घालत होती, दुकान दुकान विचारत होती, आणि भांडेवाल्यापुढं मी दिसले तेव्हा मातीत बसून रडली. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. खाली उतरल्यावर भाऊ गळ्यात पडून म्हणाला, हे मला कधी सांगितलं नाय तिनं.

हे पत्र तुमच्या मुलाला पाठवावं असं दोनदा वाटलं. त्याचा पत्ता माझ्याकडं आहे. आपल्या आईनं काय केलं हे त्याला कळायला हवं, असं मी स्वतःला समजावलं. पण मग आकाशी शर्टाचंही कळेल. तेव्हा पाठवणार नाही. पाकीटही आणलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले होते. भावाची मुलगी सात वर्षांची आहे, आजीला तिनं बघितलेलंही नाही. ओट्यावर माझ्याजवळ बसून ती मला माझीच गोष्ट सांगत होती. आत्या, तू हरवली होतीस, आणि आजी तुला शोधत होती, आणि तिच्या अंगावर लाल लुगडं होतं. तिच्या डोळ्यांपुढं ते सगळं उभं होतं, हे मला धंद्यानंच कळतं. तिला खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, लाल नाय गं, हिरवं होतं.